टेबल आलं, खुर्च्या राहिल्या

माहेरचा विषय निघाला की माझ्या मैत्रिणी मला दुसरं काही सांगूच देत नाहीत. "खुर्च्यांचं सांग!" एवढंच. मी एक सांगते, तोवर मला दुसरं आठवतं, दुसरं संपत नाही तोच तिसरं, आणि चहा गार होऊन जातो. लोकांच्या घरी खुर्च्या सेटने येतात. एका दिवशी सहा, सगळ्या सारख्या. मग सांगण्यासारखं उरतं काय? आमच्याकडे त्या एकेक करून आल्या, आणि प्रत्येकीने येताना आपला घोटाळा सोबत आणला.

आमचं घर मध्य प्रदेशातल्या बालाघाटला. घरात माणसं सहा: बाबा, आई, बाबांची थोरली विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, ताई, मी आणि धाकटा प्रकाश. बाबा शाळेत गणिताचे मास्तर. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून जुन्या रीती घराबाहेर काढण्याचा त्यांनी धडाका लावला होता. देव्हारा गेला, उपास गेले, आत्याच्या दंडावरचा ताईत गेला. एक रीत मात्र जागची हलत नव्हती. आई सगळ्यांचं झाल्यावर, चुलीपुढे, उरलंसुरलं जेवायची.

बाबांच्या मते यावर इलाज एकच होता. डायनिंग टेबल!

*

तिरोडीच्या खाणीवरचा एक साहेब बंगला सोडून निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. बाबा गेले होते भिंतीवरचं घड्याळ आणायला. संध्याकाळी धानाच्या ट्रकवरून उतरलं ते टेबल! अस्सल सागवानी, सहा जणांचं. दारातून आत जाईना म्हणून दाराची चौकट काढावी लागली.

आईने रिकाम्या ट्रकमध्ये डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "अन् खुर्च्या?"

बाबांचा चेहरा पडला. झालं असं, की लिलावात खुर्च्या आधी पुकारल्या, आणि नेमके त्या वेळी बाबा बाहेर चहा पीत होते. आत येईपर्यंत एका ठेकेदाराने सगळ्या खुर्च्या उचलल्या होत्या.

"खुर्च्या येतीन," बाबा म्हणाले. "टेबलाले मागची पंगत नसते. आता सारे एकाच टायमाले जेवतीन. तूबी."

पहिली खुर्ची यायला सात महिने लागले. तोवर बाबा आणि आम्ही तिन्ही पोरं टेबलाभोवती उभे राहून जेवत होतो, कारण टेबल आणलं आहे तर वापरायला नको? आत्याने हा प्रकार दोन दिवस पाहिला. तिसऱ्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "काहून रे, गव्हाण त आनली. आता दावी कवा बांधतं?"

*

पहिली खुर्ची सलूनमधून आली. बाजारातल्या रामदीन न्हाव्याने नवी फिरती खुर्ची घेतली आणि जुनी बाबांना देऊन टाकली. दणकट लाकूड, दोन बाजूंना हात, आणि मागे डोकं टेकायला आधार.

"मास्टरजी, इस कुर्सी पर आधा बालाघाट बैठ चुका है," रामदीन मोठ्या अभिमानाने म्हणाला.

"बाकी का आधा अब हमारे यहाँ खाने बैठेगा," बाबा म्हणाले आणि खुर्ची सायकलवर बांधून घेऊन आले.

त्याच आठवड्यात बाबांनी शाळेच्या हेडमास्तरांना जेवायला बोलावलं. एकुलती एक खुर्ची अर्थातच त्यांना दिली. हेडमास्तर बसले मात्र, त्यांनी मान मागे टेकवली, हनुवटी वर केली आणि डोळे मिटून घेतले. सवय! इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून ते हेच करत आले होते.

बाबांना काय करावं ते कळेना. हेडमास्तरांना हलवणार कसं? आत्या वरणाची पळी घेऊन मागे उभी. एवढ्यात हेडमास्तर डोळे न उघडता हळूच म्हणाले, "मिशी राहू द्या."

"ठेवली," आत्या म्हणाली. "वरन वाढू का?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी तो मागचा आधार करवतीने कापून टाकला. तरीही रामदीनचं कुणी जुनं गिऱ्हाईक आमच्याकडे जेवायला बसलं, की त्याची मान एकदा तरी मागे जायची.

*

दुसऱ्या खुर्चीसाठी बाबांनी लखनलाल सुताराला घरी बोलावलं. लखनलालचं काम म्हणजे काम! बंडीची चाकं, दारं, पलंग, सगळं त्याने केलं होतं. खुर्ची मात्र कधी केली नव्हती, पण हे त्याने बाबांना सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. "खाने की कुर्सी चाहिए," एवढं सांगून बाबा शाळेत गेले.

लखनलाल माप घ्यायला आला तेव्हा घरात आत्या होती. तिला त्याने जमिनीवर बसवलं. आत्या बसली आपली रोजच्यासारखी, मांडी घालून. त्याने सुतळीने एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं, वर चार बोटं मोकळी सोडली आणि निघून गेला.

महिन्याने खुर्ची आली. दोन माणसं धरून आणत होती. तिच्यावर प्रकाश आडवा झोपला तरी जागा उरली!

"लखनलाल, ये कुर्सी है कि खटिया?" बाबा ओरडले.

लखनलालला खरंच वाईट वाटलं. "मास्टरजी, आपने खाने की बोली थी. खाना तो आदमी पालथी मार के ही खाता है. बैठने की बोलते, तो बैठने की बना देता!"

बाबांनी मनात गणित केलं. अशा सहा खुर्च्या लावायच्या तर टेबल अंगणात न्यावं लागलं असतं. आत्या मात्र तडक जाऊन त्या खुर्चीत मांडी घालून बसली, डावीउजवीकडे हात फिरवून पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर जेवायला तयार झाली.

"साऱ्या बालाघाटात एकच अकलेचा मानूस हाय," ती म्हणाली. तेव्हापासून ती खुर्ची तिची. दुपारची झोपसुद्धा ती तिथेच काढायची.

*

पुढच्या तीन जागा एकदम आल्या. पावसाळ्याच्या तोंडाला गावातली टूरिंग टाकीज तंबू गुंडाळून निघाली, तेव्हा मॅनेजरने बाबांना तीन खुर्च्या भेट दिल्या. त्याचा मुलगा बाबांच्या वर्गात होता. खुर्च्या पत्र्याच्या, आणि तिन्ही एकाच लाकडी पट्टीवर ठोकलेल्या. एका टोकाचे पाय आखूड झाले होते. त्यामुळे तिघं बसली तरच तोल राहायचा. एक उठलं, की उरलेली दोघं खाली!

दुसऱ्या कुणी हे धूड परत पाठवलं असतं. बाबांना त्यात तत्त्व दिसलं. "पाहा, ही खरी समता!" ते आम्हाला म्हणाले. "संग बसाचं, संग उठाचं. कोनी पुढं नाई, कोनी मांगं नाई."

ही समता म्हणजे काय, ते ताईला आणि मला विचारा. प्रकाश जेवायला पाऊण तास लावायचा. एकेक शेंगदाणा वेगळा काढून खायचा. आम्ही दोघी हात वाळवत बसून राहायचो, कारण उठलो तर तो पडणार आणि मार आम्हाला बसणार!

एका रविवारी रस्त्यावर डमरू वाजला. माकडवाला! प्रकाशने ताट सोडलं आणि धूम ठोकली. पुढच्या क्षणी ताई जमिनीवर, मी ताईच्या अंगावर, आणि दोघींच्या अंगावर वांग्याची भाजी.

आत्या आपल्या ऐसपैस खुर्चीत मांडी घालून शांतपणे जेवत होती. आमच्याकडे वाकून बघत म्हणाली, "पाटाचं थे एक बरं होतं बाई. त्याच्यावरून पडाले जागाच नसे."

*

आता हिशेब करा. सलूनची एक बाबांची, रुंद ती आत्याची, टाकीजच्या तीन आम्हा पोरांच्या. झाल्या पाच. माणसं सहा. "आता एकच राह्यली," बाबा म्हणायचे. ती राहिलेली एक नेहमी आईचीच असायची, हे मला कळायला बरीच वर्षं गेली. कळलं तेव्हा मला बाबांचा राग आला होता, आणि स्वतःचासुद्धा.

*

ताईला बघायला लालबर्र्याहून पाहुणे येणार होते. आमचं खुर्च्यांचं हे कडबोळं त्यांच्यासमोर कसं मांडायचं? बाबांना लाज वाटली. त्यांनी सगळ्या खुर्च्या मागच्या खोलीत कोंबल्या आणि वॉर्डातून सहा खुर्च्या मागून आणल्या. आमच्या वॉर्डात तेव्हा ज्याच्या घरी खुर्ची असे, त्याच्या घरी एकच असे. म्हणजे सहा घरांतून सहा.

आता आमच्या वॉर्डाची एक पद्धत होती. खुर्ची मागितली की कुणी नाही म्हणत नसे, पण खुर्ची एकटीही पाठवत नसे. मालक सोबत यायचा. आपल्या खुर्चीवर कोण बसतं, कसं बसतं, हे त्याला बघायचं असायचं. बाबा हे साफ विसरले!

पाहुणे बसले. प्रत्येकाच्या मागे एकेक धट्टाकट्टा गडी हात बांधून उभा. ताई पोहे घेऊन आली. मुलाने मान वर केली, तर मागून आवाज, "भाऊ, हळू. मांगचा पाय ढिला हाय." मुलाची मावशी जरा रेलून बसली, तर लगेच, "बाई, टेकू नोका. वेत नवा हाय."

मुलाचे मामा मोठे सावध गृहस्थ. त्यांनी पोह्याची बशी खाली ठेवली, त्या सहा जणांकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि बाबांच्या कानाशी लागले.

"मास्तर, पोरगी पसंत हाय आमाले. पन तुमी त सांगतलं होतं का पोरीले भाऊ एकच हाय म्हून!"

"एकच हाय," बाबा म्हणाले. "हे खुर्च्यांचे हायेत."

लग्न झालं. जिजाजी अजून सांगतात, ते सहाही भाऊ असते तरी मी हो म्हटलं असतं. म्हणतात, पण मामांना विचारून सांगतात.

*

ताई सासरी गेली आणि गणित बदललं. माणसं पाच, जागा पाच. आता खुर्ची कमी आहे असं कुणी म्हणू शकत नव्हतं. तरीही आई चुलीपुढेच, आणि टाकीजच्या पट्टीचा तोल राहावा म्हणून ताईच्या जागी भरलेली घागर!

बाबांना वाटलं, आईला टाकीजची खुर्ची आवडत नसेल. ते पुन्हा लखनलालकडे गेले. या वेळी त्यांनी कागदावर चित्र काढून नेलं, स्वतः खोक्यावर पाय सोडून बसून दाखवलं, आणि खुर्ची तयार होईपर्यंत रोज शाळा सुटल्यावर तिथे उभे राहिले. खुर्ची झाली मात्र सुंदर. वेताची बैठक, पाठीला हलका बाक, हातांना गुळगुळीत पॉलिश. "ही तुही," बाबा आईला म्हणाले. आईने पदराने ती एकदा पुसली. पुसून झालेली होती तरी परत पुसली.

दुसऱ्या दिवशी खुर्चीवर पिठाचा डबा! बाबांनी उचलून खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी कांद्याची टोपली. ती उचलली, तर चौथ्या दिवशी लोणच्याची बरणी. बाबांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या वस्तू वर फळीवर चढवून ठेवल्या. पाचव्या दिवशी पाहतात तर खुर्चीत मांजर झोपलेली.

"हिले कोनं बसवलं?" बाबांनी विचारलं.

"मी कायले बसवू? आपली आपन बसली," आई म्हणाली. "तिले कोनी पोळी मांगत नाई."

*

हा किस्सा तसा हसण्यासारखा, पण मी सांगते तेव्हा थोडी चाचरते.

रविवारी विहारात बाबा भाषण करायचे. एका रविवारी भरात येऊन म्हणाले, "माह्या घरी बाईमानूस मागून जेवत नाई! सारे एका टेबलावर!" टाळ्या पडल्या. आई बायकांमध्ये बसली होती. तिने टाळी वाजवली नाही, पण मान खालीही घातली नाही.

दुपारी वॉर्डातल्या चार बायका घरी आल्या. "मास्तरीनबाई, खुर्चीवर बसून जेवन कसं होते वो? सांगा ना!"

आता पंचाईत! मी दाराआडून ऐकत होते. आई एकदाही त्या टेबलावर बसून जेवली नव्हती. ती शांतपणे भाजी निवडत म्हणाली, "लय मजा येते. पाय लोंबतेत ना, म्हून अन्न सरसर खाली उतरते. दोन भाकरी जास्तच जातेत. सुरुवातीले चक्कर आल्यासारखं वाटन, पन घाबराचं नाई."

बायका थक्क होऊन गेल्या. एकीने तर जाताना विचारलं, "अन् ठसका लागला त?"

"त उभं राहाचं," आई म्हणाली.

त्या गेल्यावर मी आईला म्हटलं, "खोटं काहून बोलली?" तर म्हणाली, "तुह्या बाबाची इज्जत हाय ना." मी म्हटलं, "मग खरंच बसत काहून नाई?" तिने हातातली भाजी बाजूला ठेवली. "बसली का लगेच पोळी. पुन्हा बसली का पानी. मंग भात. घासाघासाले उठाचंच हाय, त बसू कायले?"

मी तिने बाजूला ठेवलेली भाजी निवडायला घेतली. पोळी मागणाऱ्यांत मीही होतेच.

*

हे आता सगळ्यात शेवटी सांगते. हे ऐकल्यावर मैत्रिणी पुढे काही विचारत नाहीत, उठून घरी जातात.

आमचं मूळ गाव रामपायलीजवळ. तिथल्या मालगुजारांचा, म्हणजे जुन्या जमीनदारांचा, नातू बालाघाटला शिकत होता आणि गणितात दोनदा आपटला होता. बाबांनी त्याला वर्षभर घरी शिकवलं आणि पोरगा पास झाला. मालगुजारी कधीच संपली होती, पण गाव अजून म्हाताऱ्या मालगुजारांना मालकच म्हणत असे. त्यांनी निरोप पाठवला: रविवारी मास्तरांकडे येतो, जेवूनच जाईन.

बाबा निरोप ऐकून ओट्यावर बसूनच राहिले. माझ्या आजोबांना या मालकांच्या अंगणात, ओसरीपासून लांब, मातीत बसवून वरून भाकर टाकत. बाबांनी लहानपणी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "थे माह्या टेबलावर जेवतीन," ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. त्यांना एकच हवं होतं. मालक त्यांच्या बरोबरीने, एका उंचीवर बसलेले असावेत, आणि तेव्हा सगळं घर टेबलाभोवती असावं. माणसं सहा, खुर्च्या सहा. पण त्यासाठी आई बसायला हवी होती.

तीन दिवस ते आईची मनधरणी करत होते. शेवटी आई म्हणाली, "बसीन. पन सारं रांधून टेबलावर मांडीन. अन् एकदा बसली का उठनार नाई."

"नोको उठू," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

रविवारी दुपारी मालक आले. सत्तरीच्या पुढचे, हातात काठी, स्वभावाने तसे साधे. बाबांनी त्यांच्या हातावर पाणी घातलं, आत आणलं. टेबलावर भाताचं पातेलं, वरण, भाजी, पोळ्या, पाण्याचा जग, सगळं मांडलेलं. आई आपल्या वेताच्या खुर्चीत बसलेली, ताट वाढून घेतलेलं. मी तिला तशी पहिल्यांदाच बघत होते.

मालकांनी टेबल पाहिलं. त्यांच्यासाठी ठेवलेली खुर्ची काठीने जरा हलवून पाहिली.

"नाई बा, मास्तर," ते म्हणाले. "माह्याच्यानं असं लोंबत जेवन होत नाई. मी आपला खालीच बसतो."

आणि बाबा काही बोलायच्या आत ते टेबलाजवळ जमिनीवर मांडी घालून बसलेसुद्धा. त्यात आढ्यता काही नव्हती. त्यांना खरंच जमत नव्हतं.

बाबांनी त्यांचं ताट वाढून खाली दिलं आणि तसेच उभे राहिले. मालक खाली आणि आपण वर, हे त्यांना काही केल्या जमेना. एकदा खुर्चीला हात लावला, सोडला. मग आपलं ताट घेऊन तेही खाली, मालकांसमोर जाऊन बसले. आत्या तेवढंही थांबली नव्हती, ती आधीच उतरली होती. प्रकाश उतरला, मी उतरले. पाच मिनिटांत पंगत जमिनीवर आली आणि इतक्या वर्षांची जमवाजमव वर रिकामी राहिली.

फक्त आई तिच्या खुर्चीत. बाबा खालून तिला डोळ्यांनी खुणावत होते, उतर म्हणून. आई भात कालवत होती.

मालकांचा भात संपला. त्यांनी वर न बघता ताट जरासं पुढे सरकवलं. "बाई, भात वाढ."

मी उठायला लागले. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी होते तिथे बसले.

आईने तोंडातला घास नीट चावून गिळला. मग खाली बघून, अगदी आदराने म्हणाली, "मालक, भात इथं वर हाय. उठून घ्या. मी जेवून राह्यली."

मालकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बाबांचा हात ताटातच थांबला होता. मग मालकांनी काठी जवळ ओढली, एका हाताने ताट धरलं, आणि गुडघ्यावर जोर देत ते उठले. आईने भाताचं पातेलं त्यांच्या बाजूला सरकवलं आणि पुढचा घास घेतला.